पाठीवरची पिवळी अक्षरं

मी चाकांची खुर्ची बोलतेय. दवाखान्यात, स्टेशनवर तुम्ही मला पाहिलं असेल आणि पाहून नजर वळवली असेल. वळवतातच सगळे. माझ्यात बसलेल्या माणसाकडे सरळ बघणं लोकांना जड का जातं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यातला. नळ्या वाकवल्या, चाकं बसवली, निळं रेक्झिन ताणून बसवलं आणि मी तयार झाले. तिथून मला नौपाड्यातल्या अनसूया दत्तसेवा मंडळानं घेतलं. मंडळाची माणसं भली. गुरुवारची आरती झाली की दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी जेवणाचे डबे निघायचे. देवळाच्या मागच्या खोलीत पलंग, वॉकर, कुबड्या ठेवलेल्या असत. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून द्यावं. खोलीची किल्ली असे नंदाताईंकडे. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला चटपटीत आणि कामाला वाघ.

मी आले त्याच आठवड्यात पेंटरनं माझ्या पाठीवर पिवळ्या रंगात मंडळाचं नाव लिहिलं, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गरजूंसाठी’. मला तेव्हा फार मिरवावंसं वाटलं. नव्या लुगड्याला काठ असावा तसं.

मला न्यायला आली भागीरथी, चेंदणी कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाई. तिच्या नवऱ्याचं, गुणाजीचं, साखरेच्या आजारापायी अर्धं पाऊल कापलं होतं. घरापर्यंत रिक्षा जात नव्हती, आणि जखमेच्या पट्टीसाठी त्याला दिवसाआड मंडळ चालवत असलेल्या दवाखान्यात न्यायचं होतं.

गुणाजी म्हणजे खाडीत होडी घालून म्हातारा झालेला माणूस. छाती अजून दाराएवढी. माझ्या पाठीवरची अक्षरं त्यानं बोट फिरवत वाचली. मग भागीरथीला म्हणाला, “तुझा जुना लुगरा टाक गो वर.”

लुगडं टाकून आम्ही जात-येत राहिलो. वारा आला की पदर उडायचा, आणि गुणाजी मान खाली घालायचा. कोणी हाक मारली तरी वर बघायचा नाही. पण जखम भरत होती, डॉक्टर खूश होते.

मग दत्तजयंती आली. मंडळाचा मोठा कार्यक्रम असतो. ज्यांना मदत मिळाली त्यांना या वर्षी स्टेजवर बोलवायचं ठरलं. अध्यक्षांची कल्पना. त्यांच्या मनात खोट नव्हती, एवढं मी सांगते. चार लोकांनी बघितलं तर चार हात पुढे येतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

भागीरथीनं गुणाजीला पांढरा सदरा घातला. स्टेजवर चढवताना कोणीतरी पाठीवरचं लुगडं काढून घेतलं, नाव दिसायला हवं म्हणून. माइकवरून अध्यक्ष म्हणाले, “आपले कोळीवाड्याचे गुणाजी. आज यांना स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. मंडळानं यांना आधार दिला.” टाळ्या वाजल्या. नंदाताई मोबाइल घेऊन पुढे आल्या. “काका, जरा हात जोडा ना. आणि हसा थोडं.”

गुणाजीनं हात जोडले. मघाशी त्या हातांनी माझे दांडे इतके घट्ट धरले होते की नळ्या कुरकुरल्या. हसणं काही त्याला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो कोळीवाड्यातल्या मोबाइलांवर फिरला. बाजारात शेजारची भागीरथीला म्हणाली, “काय गो, तुझा नवरा हात जोरून बसलाय. फोटो आयलाय.” वाईट बोलली नव्हती ती. पण भागीरथीनं पाटी उचलली आणि मासळी न विकताच घरी आली.

गुणाजीला कळलं होतंच. “मना त्या खुर्चीन परत बसवू नको,” तो म्हणाला. “बाजारान फिरवलेला बैल हाय का मी?”

“अवो, पन पट्टी बदलायला नको?”

“बरा हाय पाय.”

मला मागच्या पडवीत लोटलं आणि वर फाटकं जाळं टाकलं. पाय बरा नव्हता. मला भिंतीपलीकडून जखमेचा वास यायचा. गुणाजी भागीरथीला पायाला हात लावू द्यायचा नाही, आणि घरात सारखा धूप जाळायला सांगायचा. मी जाळ्याखाली पडून होते. ज्या अक्षरांचा मला गर्व होता, ती पाठीवर डागणी दिल्यासारखी वाटू लागली. चाकं असून काय उपयोग? मला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही.

दवाखान्यात गुणाजी दिसेना म्हणून नंदाताई चालत घरी आल्या. भागीरथीनं चहा दिला. मग म्हणाली, “ताई, तुमाला म्हनून सांगते. हा मानूस खाडीवरून आला ना, की घरी यायच्या आधी विधवा बायांच्या उंबऱ्यावर म्हावरा ठेवायचा. दार पन वाजवायचा नाय. अंधारातच यायचा नि जायचा. त्या बायांना अजून ठाव नाय कोन ठेवायचा ता.”

नंदाताईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांची नजर पडवीत गेली, जाळ्याखालच्या माझ्यावर. त्यांचं तोंड उतरलं.

आत जाऊन त्या म्हणाल्या, “काका, चूक माझी आहे. हसा म्हणाले मी तुम्हाला.”

गुणाजी भिंतीकडे तोंड करून निजला होता. “तुमची कसली चूक? घेनारा मीच ना.”

तेवढ्यात त्यांना वास जाणवला. पांघरूण बाजूला केलं, आणि त्या “भागीरथी, गाडी बोलव” एवढंच ओरडल्या.

जीव वाचला. पाय मात्र गुडघ्याखालून गेला.

मला तोवर मंडळाच्या खोलीत परत आणलं होतं. शेजारीच बैठक बसे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. नंदाताई म्हणाल्या, “यापुढे फोटो नाही आणि स्टेज नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “नंदाताई, त्या फोटोमुळे दोन खुर्च्या आणखी मिळाल्या. हे विसरू नका.”

खरंच होतं ते.

“मिळाल्या. आणि एक पाय गेला. पुढचा फोटो आपला काढू. खुर्चीत बसू, हात जोडू. बघू हसायला जमतं का.”

बैठक उठल्यावर नंदाताई टर्पेंटाइनचा बोळा घेऊन माझी पाठ घासायला बसल्या. रंग हट्टी. अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, “दुसरा बोळा आहे का?”

गुणाजी दवाखान्यातून घरी आला तशा नंदाताई मला कोऱ्या पाठीनं त्याच्याकडे घेऊन गेल्या. या खेपेला मागणं त्यांचंच होतं. “काका, माझं एक काम आहे. कल्याणला काळुराम म्हणून आहे, मार्केटात हमाली करायचा. ट्रकखाली पाय गेला. आम्हाला कोणालाच दारात उभं करत नाही. तुम्ही याल?”

“मी येऊन काय करू?”

“मलाही माहीत नाही.”

“मास्तरीन असून माहीत नाय?” गुणाजी म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या मिशा हलल्या.

तो माझ्यात बसला. त्याचा मुलगा दिपेश टेम्पो चालवतो. त्यानं आम्हाला कल्याणला नेलं. काळुरामच्या बायकोनं, हौसाबाईनं दार उघडलं. आतून आवाज आला, “कोणी बी असू दे. काय नको म्हणून सांग.”

“मना पायजे,” गुणाजी बाहेरून म्हणाला. “पानी पायजे. लांबून आलोय.”

हौसाबाई वळली, तसा गुणाजीनं हातानं तिला थांबवलं. मग आतून भांड्याचा आवाज आला. काळुराम भिंतीला धरून, एका पायावर लंगडत, तांब्या घेऊन दारात आला. अर्धं पाणी सांडलं होतं. गुणाजी उरलेलं सगळं पाणी प्यायला. मग लुंगी वर करून कापलेला पाय दाखवला.

“मी लाज जपली नि पाय घालवला. तू आयुष्यभर दुसऱ्यांचा बोजा उचललास. तुझा कोनी उचलला, तर त्यान लाज कसली?”

काळुराम दाराला टेकून खाली बसला आणि रडू लागला. नंदाताई रस्त्यावरच थांबल्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

पुढे गुणाजीला नकली पाय मिळाला आणि मी काळुरामकडे आले. आता आम्ही मार्केटात असतो. तो गोण्या मोजून घेतो, हमालांवर ओरडतो. लाज पुरती गेली असं म्हणणार नाही मी. गावाकडचं कोणी दिसलं की तो अजून तोंड फिरवतो, आणि मग हौसाबाई मला मुद्दाम त्याच बाजूला वळवते. माझं रेक्झिन दोन ठिकाणी शिवलंय, एक चाक चिवचिवतं.

तुम्ही देवाच्या नावानं देता, ते द्या. देणारे थांबले तर माझ्यासारख्यांचं आणि यांचं कसं व्हायचं? फक्त माझी घडण एकदा नीट बघा. मला हात देणाऱ्याची जागा मागे आहे. तिथंच उभे राहा, आणि बसलेल्या माणसाला पुढचा रस्ता बघू द्या.