मुंगीनं बसवलेला भाग

सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. इथं रेवदंड्यात, माझ्या दुकानात, एका मुंगीनं सोल्डरिंग केलंय.

हसू नका. मी रेडिओच्या काळातला माणूस. तेव्हा एकेक भाग सुपारीएवढा. डोळे मिटून जोडायचा, आणि राळेचा धूर नाकात गेला की भूक लागायची. समोरच्या ओट्यावर नीराबाई जाळी शिवायची, अजूनही शिवते. तिचा नवरा दयाराम दुरुस्त झालेला रेडिओ ‘तपासायला’ म्हणून तासभर गाणी ऐकत बसायचा.

तो गेला. मागे राहिला होडीवरचा जीपीएस. हयातभर शोधलेल्या मासळीच्या जागा त्यानं त्यात भरून ठेवलेल्या. गेल्या वर्षी आत खारं पाणी शिरलं. दुसरीकडे म्हणाले, बोर्डच बदला. बोर्ड बदललं की जागाही गेल्या. नीराबाईनं तो माझ्यापुढं ठेवला.

“बालाजीभाऊ, ह्यात त्यो हाय. पुसू नको.”

स्पिरिट आणि ब्रशनं मीठ धुतलं. मोहरीहून बारीक एक भाग जळालेला, आणि त्याला खेटून मेमरीची चिप. ऊब जास्त झाली तर दयारामच्या जागा साफ! चिपवर उष्णता अडवणारी पट्टी लावली, पंखा बंद केला, गरम हवेची गन बेतानं धरली, जळका भाग चिमट्यानं उचलला. जुन्या मोबाइलमधून तसाच भाग काढला, बोर्डावर फ्लक्सची चिकट पेस्ट लावली आणि... शिंकलो!

भाग गायब. शोधशोध शोधला. बघतो तर टेबलावरून एक काळी मुंगी तोच तोंडात धरून चाललीये. तडक बोर्डावर चढली आणि बरोबर जागेवर ठेवला. जरा तिरका. मी गरम हवा दिली, सोल्डर वितळलं, तसा भाग आपोआप सरळ झाला. हे मात्र खरंच होतं हं, कुणालाही विचारा.

जीपीएस उजळला. पडद्यावर दयारामनं दिलेली नावं: नीरा एक, नीरा दोन... पार सतरापर्यंत.

“आणि मुंगी?” गोष्ट ऐकत बसलेल्या इंजिनवाल्या कमलेशनं विचारलं.

“तिला चिमूटभर साखर दिली.”

समोरच्या ओट्यावरून, जाळ्यातली नजर न काढता, नीराबाई ओरडली, “साखर? बिनसाखरेचा चहा पाजलास मला! आन् मुंगी कसली रे? तुजा हात लटपटत व्हता म्हणून चिमटा मी धरला. खोटारड्या!”