एकादशीच्या टोपातली पेज

मित्रांनो, मी एक जुना पितळी टोप आहे, दहिवलीच्या एका भजनी मंडळाचा. एरवी एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण गेल्या पावसाळ्यापासून मी नक्की कोणाचा, हेच मला उमगेनासं झालं आहे.

तांबटाने मला ठोकून घडवलं. कल्हईवाल्याने आतून चांदीसारखं उजळवलं. पहिल्या सप्ताहात माझ्यात इतका भात शिजला, की बांबूला बांधून मला उचलावं लागलं. "टोप असावा तर असा," असं जो तो म्हणे. मग केटरर आले, त्यांची हलकी भांडी आली आणि मी देवळाच्या माळ्यावर पखवाजाच्या शेजारी पालथा पडलो. फक्त एकादशीला मला खाली काढायचे. उपासाचं सोवळ्यात करायचं ते माझ्यातच, आणि त्या दिवशी माझ्यात तांदळाचा दाणा पडायचा नाही, हा मंडळाचा नेम. तो माझ्याही अंगात मुरला होता.

आषाढ वद्य दशमीला उल्हास नदी काठच्या वस्तीत शिरली. डोंगरातल्या वाड्यांवरून मजुरीला उतरलेली ही माणसं. एकादशीच्या सकाळी पाणी ओसरलं, तेव्हा चुलीत चिखल, धान्यात चिखल. भांडी तर वाहूनच गेलेली. मंडळाच्या हर्षलाताई तुळशीला पाणी घातल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांनी लगेच मला टेंपोत चढवलं. शेगडी घेतली, द्वादशीला वाटायचं तांदळाचं पोतं घेतलं. पण आज एकादशी, म्हणून वस्तीतल्या शाळेपुढे मंडळाने भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी माझ्यात परतली. तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट. वास कसा छान सुटला होता!

माणसं आली, द्रोण घेतले, आणि घुटमळली. मला कळेना, भूक लागलेली माणसं अशी काय बघतात?

लडकू नावाच्या मजुराने विचारलं, "ताई, ह्ये उपासाचं ना?"

"हो दादा, आज एकादशी."

"आमचा उपास कालपास्नं चाललाय. सोडाया काय हाय?"

सगळे हसले. ताईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले.

तेवढ्यात चिंधी पुढे आली. तिची लेक सुनिता ओली बाळंतीण. ती शाळेच्या ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवरचं लेकरू रडून रडून आता नुसतं कण्हत होतं.

"बाय, लेकीला काल दुपारपास्नं कायपण नाय. दूध आटलंय. ह्ये मिरचीचं तिला कसं देऊ? वाईच पेज करून दे गं."

ताईंनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिजवायला दुसरं भांडं नव्हतंच. मंडळाच्या बुधाजीबुवांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ताई, एकादस हाय. ह्यात आज तांदूळ नाय."

मित्रांनो, मला बुवांचं पटत होतं. आणि ते कण्हणंही ऐकवत नव्हतं. दोन्ही एकदम कसं खरं असेल? माझं पितळी डोकं चालेना.

ताईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बुवा, उपास माझा आहे. त्या लेकराने तो का करायचा?"

खिचडी द्रोणांतून वाटून झाली. टँकरच्या पाण्याने मला विसळलं, आणि एकादशीच्या दिवशी माझ्यात तांदूळ पडला. मला वाटलं, आता मी तडकणार. काही झालं नाही. नुसती पेज खदखदू लागली. सुनिता दोन वाट्या ऊन ऊन पेज प्यायली. संध्याकाळपर्यंत तिला पान्हा फुटला. बुवांनी मात्र दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाटलो की काय, कोणाला विचारणार?

रात्री मी वस्तीतच राहिलो; दुसऱ्या सकाळी ताई परत आल्या आणि माझ्यात पुन्हा पेज शिजली.

"तू जेवलीस का गं बाय?" चिंधीने विचारलं.

"नाही. पारणं व्हायचंय."

"मंग हितंच सोड की उपास!" चिंधीने पोचा आलेल्या वाटीत पेज ओतली. ताईंनी पदर सावरला, ओल्या ओट्यावर बसल्या, वाटीला नमस्कार केला आणि प्यायल्या. बुधाजीबुवा जरा लांब उभे होते. मग तेही हळूच जवळ आले.

"मलापण वाईच दे," म्हणाले.

देवळात आणल्यावर बुवांनी मला चिंचेने घासलं. शुद्धीसाठी काही शिंपडलं नाही. मी देवाचा की वस्तीचा, ते मला अजून समजलेलं नाही. मित्रांनो, तुम्हीही आता विचारू नका. मला वेळेवर कल्हई लावा, चिंचेने घासा, आणि नदीला पाणी चढलं तर लगेच खाली काढा. फक्त पालथा घालून ठेवू नका. पालथ्या टोपाला ओट्यावरचं रडणं ऐकू येत नाही.