बेचाळीस फूट पाणी

"ह्याला उचलून आपटावं वाटायलंय!" कुसुमताई माझ्या पडद्याशी तोंड आणून पुटपुटल्या. तीन दिवसांतली ही सातवी वेळ.

मित्रांनो, ज्याला आपटायचं चाललं होतं तो संगणक मी. आता जुना झालोय, बिदरच्या एका गोदामात धूळ खातोय. पण एकोणनव्वद साली विहिरींचं पाणी मोजणाऱ्या कचेरीत आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. त्या दिवशीच्या कुंकवाचे कण अजून माझ्या कळांत अडकलेत.

माझी एक खोड आहे. माझ्या स्मृतीत ओळीनं घरं आहेत, शून्यापासून मोजलेली, एका घरात एक बाइट. दोन बाइटांचा आकडा मी सम क्रमांकाच्या घरापासूनच उचलतो. आधी गावाचं एक अक्षर आलं, तर पुढचं घर मोकळं सोडतो. कचेरीचे प्रमुख रामाचार्य साहेबांनी मात्र जुन्या यंत्रावर नोंदींची मांडणी अगदी दाटून केली होती. अक्षराला लागूनच आकडा, मधे फट नाही. नोंदी साठवायच्या फ्लॉप्या मागवल्या की महिनोन्‌महिने येत नसत; एकीत तीन तालुके बसवले याचा त्यांना कोण अभिमान!

गुरुवारी त्या नोंदी मला वाचायला दिल्या आणि घोटाळा झाला. मेहकरच्या विहिरीचं पाणी बेचाळीस फुटांवर. मी दाखवलं दहा हजार आठशे एकोणतीस. अर्धा आकडा मोकळ्या घरात हरवला, उरलेल्याला पुढच्या नोंदीचं अक्षर चिकटलं.

"शोभाबाईंची बोटं चुकली," साहेब म्हणाले. "सोमवारपासून दुसरी बाई बघतो."

शोभाबाई रोजंदारीवर आकडे भरायच्या. रोज सकाळी मला पुसायच्याही त्याच. त्यांनी वही पुढे केली. "बगा की साहेब, बेचाळीसच हाय. म्या कामून दहा हजार टाकू? मेहकर माजं माहेर हाय. इतक्या खोलातून पाणी वडायचं तर माजी माय अजून दोर सोडायलीच असती!"

साहेबांनी वही न बघताच बाजूला सारली.

कचेरीत माझे प्रोग्राम लिहिणाऱ्या कुसुमताई सी ही संगणकाची भाषा पुस्तकावरून शिकल्या होत्या. त्यांनी मला फट सोडू नको असं बजावलं. मग आकडा विषम घरात गेला, तो एकदम उचलायला गेलो आणि मी जागीच थांबलो. साहेबांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. मित्रांनो, यंत्र अडलं की मारू नका. त्याला उचलता येईल असं ओझं द्या.

शनिवारी दुपारी ताईंनी नव्यानं लिहिलं: एकेक बाइट वेगळा उचल, नीट जागी नेऊन जोड. मी उचलला, जोडला. बेचाळीस!

"सुटलं एकदाचं," साहेब म्हणाले. नव्या बाईच्या नावाचा कागद मात्र टेबलावर तसाच होता. सगळे चहाच्या कपात बघत होते. ताईंना ही नोकरी साहेबांनीच लावली होती. शोभाबाई शेवटचं म्हणून माझ्या कळा पुसत होत्या, एकेक.

ताईंनी कप खाली ठेवला.

"साहेब, शोभाबाई कधीच चुकल्या नव्हत्या. मांडणी तुमची होती. आणि मला ते गुरुवारीच कळलं होतं."