सुतळीच्या खिशातला कोबी

चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढल्यावर माणसाचा चेहरा आधी दिसत नाही, नाक आणि कान दिसतात. त्यामुळे समोरच्या बाईंच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवून मी नेहमीसारखं म्हटलं, "खालची ओळ वाचा."

त्यांनी ओळ वाचली नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंची मुलगी ना? मॉनिटर?"

मी आवाजावरून ओळखलं. वर्गात तिला सगळे सुतळी म्हणायचे, इतकी बारीक होती. आता अंगानं चांगली भरली होती.

"आई आहे अजून?" तिनं विचारलं.

"आहे. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली."

"असणारच. असली माणसं टिकतात."

तिनं हे अगदी शांतपणे म्हटलं.

तिसरीत असताना आम्ही दुपारी वर्गातच जेवायचो. माझी आई पातेलं ओढत दारापर्यंत आणायची आणि वाढायची. पाव, बटाटे आणि उकडलेला कोबी. ताटात काही उरलं तर आमच्या वर्गाच्या बाई बोटांवर पट्टी मारायच्या, तीही उभ्या धारेनं. सुतळीला कोबीच्या वासानंच उमासे यायचे. एक दिवस तिनं तो हळूच फ्रॉकच्या खिशात कोंबला. कुणाला पत्ताही लागला नसता.

मी पाहिलं. आदल्या दिवशी बाईंनी बेरीज चुकली म्हणून मला पहिल्या बाकावरून उठवलं होतं आणि मला परत त्यांच्या मर्जीत जायचं होतं. मला कुणी काही विचारलंही नव्हतं. वही दाखवायच्या निमित्तानं मी टेबलापाशी गेले आणि बाईंच्या कानात सांगितलं. आई तिथेच वाकून पातेलं उचलत होती.

बाईंनी सुतळीचा खिसा ताटात उलटा केला. कोबीबरोबर पेन्सिलीचं टोक पडलं, लोकरीचा तुकडा पडला. "खा," बाई म्हणाल्या. तिनं खाल्लं आणि ताटातच ओकली. "आता तेही." सगळा वर्ग आपापल्या ताटात बघत होता. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, वाढणाऱ्या बाईनंच सांगितलं असणार असं धरून, स्वयंपाकघराच्या दारात आले. "माझ्या पोरीची चुगली करून काय मिळालं तुम्हाला? तुम्हाला लेकरं नाहीत का?" आई बटाटे सोलत होती. मी तिच्या मागे दप्तर घेऊन उभी होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."

सुतळीला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं. घरी त्या विषयावर आई कधी चकार शब्द बोलली नाही.

"आईनं नाही सांगितलं," मी आता म्हटलं. "मी सांगितलं होतं."

सुतळीनं फ्रेम काढून टेबलावर ठेवली. नाकावरचे वळ चोळले.

"तुझ्या आईला मी बाजारात दोनदा तोंडावर बोलले आहे," ती म्हणाली. "एकदा तर माझ्या मुलांसमोर."

"काय बोललीस?"

"ते तिलाच विचार." नंबर न काढताच ती उठून गेली.

आईला आता कमी ऐकू येतं. संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करत होती. जे मी सत्तेचाळीस वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, ते मला ओरडून, दोनदा सांगावं लागलं.

"माहीत आहे," आई म्हणाली. "मी तिथेच नव्हते का? ऐकलं होतं सगळं."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"आठ वर्षांची होतीस तू." तिनं घडी मोडून पुन्हा घातली. "आणि मी सदतीसची. पोरीला ओकलेलं खायला लावलं तेव्हा दारात उभी होते. ताट उचलून न्यायचं, एवढंच तर होतं. नोकरी जाईल म्हणून हललेसुद्धा नाही. तिच्या बापाला चुकलं म्हणाले ते काय तुझ्यासाठी?"

उरलेल्या घड्या आम्ही दोघींनी मिळून घातल्या.

आठवड्यानं सुतळी दुकानात आली. नंबर मालकांकडून काढून घेतला, फ्रेमही त्यांनाच निवडायला लावली. निघताना माझ्यापाशी थांबली.

"घरचा पत्ता दे. आईला भेटायचंय. तू नको असूस."

मी पत्ता लिहून दिला आणि रविवारी दोन तास उगाच बाहेर फिरून आले. घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

त्यानंतर सुतळी अधूनमधून येते. दार मीच उघडते. "आहेत का?" एवढंच विचारते आणि माझ्या बाजूनं आत जाते.