चौदा नंबरची खिडकी

पैसे घेऊन कामगारांना उठवायच्या हेस्टर रम्सडेनच्या धंद्यात नियम ठरलेले होते. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या तारांनी माडीवरच्या खिडकीची काच वाजवायची, आणि आतून कुणी उलट टकटक केल्याशिवाय तिथून हलायचं नाही. उत्तर आलं की पुढचं घर. प्रत्येक दाराशी एक पाटी टांगलेली असे. ज्याला उठायचं त्यानं झोपण्यापूर्वी तिच्यावर खडूनं वेळ लिहायची, आणि पाटी कोरी असेल तर ते घर सोडून द्यायचं. लँकेशायरमधल्या त्या गिरणीगावातली ती गल्ली हेस्टरनं अठ्ठावीस वर्षं अशी उठवली होती.

सगळ्यांत जड झोप चौदा नंबरच्या सेथ हिंडलची. बाराव्या वर्षी त्याला गिरणीत घातलं, अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम. पुढच्या वर्षी शाळाही सुटली, आणि तेव्हापासून त्या पोराची झोप कधी पुरी झाली नाही. तुटलेलं सूत जोडत दिवसभर कताईच्या साच्यांमधून अनवाणी पळायचं आणि जेवणाच्या सुट्टीत हातात पाव धरून उभ्या उभ्या डुलकी काढायची. हेस्टर त्याच्या खिडकीखाली दहा-दहा मिनिटं काच बडवत राही. मग उत्तर येई: दोन टकटक झटपट, आणि तिसरी बऱ्याच वेळानं, मध्ये पुन्हा डोळा लागल्यासारखी.

एकोणीसशे पंधरा साली, महायुद्ध चालू असताना, तो पलटणीत भरती झाला. निघताना म्हणाला, ‘‘मावशी, तिकडे मला उठवणार कोण?’’

‘‘तोफा आहेत की मेल्या!’’ हेस्टर म्हणाली, आणि सारी गल्ली हसली. हे बोलणं तिला पुढे जन्मभर बोचलं.

त्याच्या पत्रांत शौर्यबिर्य काही नसे. आई, मोजे भिजलेत. आई, बिस्किटं दातांनी फुटत नाहीत, ठेचून खातो. आई, तीन रात्री चालतोय, पुढच्याचा पट्टा धरून चालता चालता झोपतो. मग एक सरकारी पाकीट आलं. शिपाई सेथ हिंडल पहाऱ्यावर झोपलेला सापडला, लष्करी न्यायालयानं दोषी ठरवला, आणि त्याच्याच पलटणीतल्या माणसांनी त्याला पहाटे गोळ्या घातल्या. चार दिवस जागलेल्या माणसाला पाचव्या रात्री पहाऱ्यावर कुणी उभं केलं, त्याचं नाव कागदात नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच! सेथची आई अ‍ॅडा हिंडल हिनं कागदाची घडी घातली आणि एवढंच विचारलं, ‘‘पहाटे म्हणजे... हेस्टर, त्या दिवशी त्याला उठवलं कुणी?’’

सेथ पलटणीत गेल्यापासून चौदा नंबरची पाटी कोरी असे, कारण अ‍ॅडा घरीच लोकांचे कपडे धुवायची, तिला कुणी उठवावं लागत नसे. पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या पहाटे पाटीवर वेळ होती. साडेचार. हेस्टरनं माडीवरची काच वाजवली आणि बऱ्याच वेळानं आतून उत्तर आलं. अ‍ॅडाच असेल, असं मनाशी म्हणून ती पुढे गेली. पण दुपारी कळलं की गुडघ्यांमुळे अ‍ॅडा वर्षभर खाली चुलीशेजारीच झोपत होती, आणि माडीवरच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅडा शाल गुंडाळून रस्त्यावर येऊन उभी राहिली. दोन झटपट. मग तिसरी.

‘‘वर जाऊन बघायचं का?’’ हेस्टरनं विचारलं.

‘‘नको. झोपला म्हणून मारलं त्याला. आता तो कशाला झोपेल?’’

लढाई संपली, तरी पाटी रोज भरत राहिली. गावानं चौकात मेलेल्यांच्या नावांचा दगड उभारायचं ठरवलं आणि समितीवर अर्थातच गिरणीमालक हॅलिवेलसाहेब बसले. अ‍ॅडा हेस्टरला घेऊन त्यांच्याकडे गेली.

‘‘बाई, दुःख मला समजतं,’’ साहेब म्हणाले. ‘‘पण ह्या दगडावर शत्रूनं मारलेल्यांचीच नावं येतील.’’

‘‘मग कुणी मारलं तेही लिहा की खाली. मी कुठे लपवतेय?’’

‘‘तो पहाऱ्यावर झोपला होता. नियम सगळ्यांना सारखा.’’

‘‘बाराव्या वर्षापासून त्याची झोप तुमच्या गिरणीनं घेतली, साहेब. तिथे कुठून आणणार होता तो?’’

साहेबांनी घंटा वाजवून नोकराला दार उघडायला सांगितलं. दगडाला पाझर फुटला असता, ह्या माणसाला नाही. हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. सारं गाव साडेचारला त्याच्यासाठी उठायचं, आणि हा स्वतः नऊपर्यंत लोळत पडायचा!

अनावरणाच्या दिवशी पहाटे चौदा नंबरची पाटी कोरी होती. हेस्टरनं नियम मोडून काच वाजवली. उत्तर आलं नाही. तिनं अ‍ॅडाला सांगितलं तेव्हा अ‍ॅडा कोटाची बटणं लावत होती. ‘‘पुढे गेला असेल,’’ ती म्हणाली.

दगड उंच, त्यावर पांघरलेला झेंडा ओढायला लांब काठी हवी म्हणून पाद्रीबुवांनी हेस्टरला बांबू घेऊन बोलावलं होतं. अकराचे टोल पडले, गावानं माना खाली घातल्या. दोन मिनिटं शांतता, मग बिगूल. दोन मिनिटं झाली. मग पाच झाली. बिगूलवाल्याच्या ओठांशी बिगूल होतं आणि डोळे मिटलेले होते. हॅलिवेलसाहेबांची हनुवटी छातीवर टेकली होती, पाद्रीबुवा मंद घोरत होते. सगळा चौक उभ्या उभ्या झोपला होता, हातात पाव धरलेला सेथ झोपायचा तसा.

अ‍ॅडा गर्दीतून पुढे आली. तिनं हेस्टरच्या खिशातला खडू काढून घेतला, झेंड्याचं टोक उचललं आणि शेवटच्या नावाखाली सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिलं: सेथ हिंडल. तिला अडवायला कुणी जागं नव्हतं.

हेस्टरनं बांबू उचलून तारा दगडावर वाजवल्या. दोघी वाट पाहत राहिल्या. दगडाच्या आतून दोन टकटक झटपट आल्या, आणि बऱ्याच वेळानं तिसरी.

‘‘आलं उत्तर?’’ अ‍ॅडानं विचारलं.

‘‘आलं.’’

हेस्टरनं बांबू खांद्यावर टाकला आणि अ‍ॅडाचा हात धरून त्या माना टाकलेल्या माणसांमधून ती घराकडे निघाली. बाकीच्यांना उठवायला तिची ना नव्हती. पण त्यांच्यापैकी कुणी पाटीवर वेळ लिहून ठेवली नव्हती.