टेकडीवरच्या घराचं नाव

सिडनीतल्या पेंडल हिलच्या वृद्धाश्रमात चौदा नंबरच्या खोलीतले मॅकिनेन आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. लॉकडाऊन लागला, भेटायला येणारी माणसं बंद झाली आणि आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. कामावरच्या बायका मास्क, चष्मा, प्लास्टिकचा झगा चढवून वावरायच्या. त्यांतली कोण कुठली, देव जाणे.

"लुर्डस, आज दुपारपर्यंत काही खाल्लं नाही तर हॉस्पिटलला पाठवणार," तिच्याबरोबर कामाला असलेली अंजू म्हणाली. "आणि तिथून परत कोण येतंय सध्या?"

लुर्डसने आजोबांच्या लेकीला, एल्साला, मेलबर्नला फोन लावला. राज्याची सीमा बंद, बिचारी तिकडेच अडकलेली. वडिलांना काय आवडतं एवढंच विचारायचं होतं. एल्सा सुटली ती आडनावावर.

"फिनलंडमध्ये मॅकिनेन पायलीचे पन्नास मिळतील. मॅकी म्हणजे टेकडी. आमच्या गावात घराचं नाव माणसाला लागायचं. टेकडीवरच्या घरात राहायला आला की जावई काय, गडी काय, सगळे टेकडीवाले. डॅड विसाव्या वर्षी निघून आले. घर कधीच पडलं. नाव तेवढं राहिलं."

फोन ठेवला तरी लुर्डस जागची हलेना. अंगावर सर्रकन काटा आला होता. वसईला तिचं निम्मं गाव डिमेलो; आडनावाने हाक मारली तर वीस घरांतून ओ यायची. म्हणून तिथेही घराचंच नाव. ती चिंचेखालची लुर्डस. तिचा बाप घरजावई म्हणून आला आणि वर्षभरात चिंचेखालचा झाला. चिंच रस्त्यात गेली त्यालाही जमाना लोटला, पण चिंचेखालचे ते चिंचेखालचेच. कुठे तो बर्फाचा मुलूख, कुठे वसईच्या केळीच्या वाड्या! एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांना अगदी हेच कसं सुचलं असेल? रिकाम्या चर्चमध्ये एकटीने शिरल्यावर वाटतं, तसं तिला वाटलं.

गावात कुणी थेट आत शिरत नाही. उंबऱ्याबाहेरून घराच्या नावाने हाक देतात, आतून "या" आलं की मगच पाऊल टाकतात. इथे मात्र ती दोन दिवस ट्रे घेऊन सरळ घुसत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

या खेपेला ती दारातच थांबली. "मॅकीच्या घरात कुणी आहे का?" तिने मोठ्याने विचारलं.

पलंग करकरला. आजोबांनी मान वळवली आणि हाताने खुर्ची दाखवली. "आहे. या, बसा."

ती बसली. ओट्सची वाटी तिने त्यांच्यापुढे केली. "घरधन्याने सुरुवात केल्याशिवाय आमच्याकडे पाहुणा घास घेत नाही." मास्कमुळे तिला पाणीसुद्धा पिता येत नव्हतं, पण ते कशाला सांगा!

आजोबांनी चमचा उचलला. एक घास गेला. थोड्या वेळाने दुसरा. लुर्डसचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तिच्या चष्म्याकडे, मास्ककडे निरखून पाहिलं.

"आणि तुम्ही कोणत्या घरच्या?"

सिडनीत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"चिंचेखालच्या," ती म्हणाली, आणि चष्म्याआड डोळे भरून आले ते तिला पुसताही येईनात.