अर्धी वाटी पेज

मी एक डवली बोलते आहे. नारळाची करवंटी आणि बांबूची दांडी, एवढाच माझा देह. जामसंड्याच्या बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या राधाबाईंचे यजमान धोंडू यांनी १९८२ साली मला घडविले आणि तेथे पेज वाढण्यासाठी दिले. आता मी थकले आहे. म्हणून थोडक्यात सांगते.

त्या बालवाडीची एक रीत होती. पेज मुलांनीच वाढावयाची आणि वाढणाऱ्याने शेवटी जेवावयाचे. तीन वर्षांची शेवंती मात्र मला हाती घेई, प्रथम स्वतःची वाटी भरी आणि मग मला सोडीतच नसे.

"गो, ती डवली काय तुझ्या आवशीन आंदण दिल्यान?" राधाबाई विचारीत.

शिक्षिका सुनीतीबाई तळमळीच्या. मुलांनी दुसऱ्यास देण्यास शिकावे, ही त्यांची एकच आस. त्यांनी ठरविले की, जो वाढील त्यास गुळाचा खडा. झाले! मुले माझ्यासाठी झोंबू लागली. त्या ओढाताणीत माझ्या करवंटीस तडा गेला. वाढताना मुलांची दृष्टी वाटीवर नसे, गुळाच्या डब्यावर असे.

एके दिवशी डबा रिकामा निघाला. कोणीही उठेना.

"गूळ संपलो, तशी माया पण संपली, बाई," राधाबाई म्हणाल्या. सुनीतीबाईंची मान खाली गेली. अखेर राधाबाईंनीच पेज वाढली आणि टोप रिता झाला.

तेवढ्यात बालवाडीतली नर्मदा उशिरा आली. तिची आई पहाटेच काजूच्या कारखान्यात जाई. पोर उपाशीच आली होती. टोपात डोकावून ती मुसमुसू लागली.

शेवंतीने तिच्याकडे पाहिले, मग आपल्या वाटीकडे. बराच वेळ पाहिले. मग ती उठली. वाढावयाचे ते डवलीनेच, अशी तिची ठाम समजूत! तिने आपल्या वाटीतील अर्धी पेज माझ्यात ओतली आणि नर्मदेच्या वाटीत वाढली. थोडी माझ्या तड्यातून गळली. मला लाज वाटली.

सुनीतीबाई शाबासकी देण्यास सरसावल्या. राधाबाईंनी त्यांचा हात धरला.

"बाई, काय बोलां नकात. बघूकच नाय असा करा."

बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. गुळाचा डबा पुन्हा आला नाही.

आता तेथे स्टीलचा डाव आला आहे. मी चुलीमागे पडून आहे. एखाद्या दिवशी सरपणात जाईन. त्याची तक्रार नाही. विनंती एकच. डाव नवा आहे, चकचकीत आहे, म्हणून तो मोठ्यांनी आपल्याच हाती ठेवू नये. मुलांना वाढू द्यावे. पेज सांडेल. सांडू द्यावी.